हवेचा जमाखर्च

दुकानातून सुतळीचा तोडासुद्धा वहीत चढल्यावाचून बाहेर जाऊ नये, अशी आपल्या वाडवडिलांची शिस्त होती. रोजमेळ संध्याकाळी जुळला नाही तर चार आण्यांची चूक सापडेपर्यंत दिवा मालवत नसे. अशा परंपरेत वाढलेल्या आपल्या बाजारात एक वस्तू मात्र अशी आहे की, जी उद्यमबाग आणि मच्छे येथील शेकडो कारखान्यांत दिवसभर खर्च होते, जिच्यापायी दरमहा विजेचे मोठे बिल भरावे लागते, आणि तरीही जिचे खाते क्वचितच कोणाच्या वहीत आढळते. ती वस्तू म्हणजे हवा. यंत्राने दाबून, टाकीत कोंडून, नळीवाटे हत्यारापर्यंत पोचविलेली हवा.

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत कारखान्यातील हत्यारांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात येईल. तो रास्तच आहे. परंतु या हत्यारांसाठी लागणारी रबरी नळी, कपलिंग, क्लिपा, झडपा, छिन्न्या, पुष्कळदा काँप्रेसरसुद्धा, बाजारातल्या कोणा ना कोणा पेढीवरूनच कारखान्यात जातात. काय घ्यावे, केवढे घ्यावे, हे लहान कारखानदार बहुधा दुकानदारासच विचारतो. तेव्हा त्याच्या लाभहानीत आपण सहभागी आहोत. या हवेची खरी किंमत ग्राहकास सांगणे हे आपले काम आहे, आणि ते सांगितल्याने आपली विक्री कधी कमी झाली तरी ते सांगितलेच पाहिजे, एवढेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

हवा काम कशी करते

प्रथम या हत्यारांची रचना थोडक्यात पाहू. काँप्रेसर बाहेरची हवा ओढून घेतो व ती दाबतो. कारखान्यांत सामान्यतः चौरस सेंटिमीटरला ६ ते ७ किलोग्रॅम दाब ठेवण्याची चाल आहे. सात किलोच्या दाबाला बाहेरची सुमारे आठ घनफूट हवा एका घनफुटात कोंडली जाते. कापसाचा गठ्ठा प्रेसमध्ये दाबून बांधावा आणि दोर कापताच तो फुगून उठावा, तसाच प्रकार येथे घडतो. कोंडलेली हवा सुटण्यासाठी धडपडत असते आणि त्या धडपडीलाच हत्यार कामास लावते.

हवेच्या हातोड्यात एक पोलादी नळकांडे असते व त्यात एक सुटा दट्ट्या असतो. खटका दाबला की हवा दट्ट्याच्या मागे शिरून त्यास पुढे फेकते, तो छिन्नीच्या बुंध्यावर आदळतो. लागलीच झडप हवेची वाट बदलते आणि हवा पुढच्या बाजूने शिरून दट्ट्यास माघारी आणते. ही येरझार एका मिनिटात दोन हजार वेळांच्या आसपास घडते. छिन्नी आणि दट्ट्या एकमेकांस जोडलेले नसतात. प्रत्येक घाव हा खरोखरीचा घाव असतो. फिरत्या हत्यारांची, म्हणजे ग्राइंडर, ड्रिल, नट आवळण्याचे यंत्र यांची, रचना निराळी. त्यांच्या नळकांड्यात किंचित एका बाजूस सरकवून बसविलेला एक फिरता गोल असतो व त्याच्या खाचांत सरकत्या पट्ट्या असतात. अरुंद कप्प्यात शिरलेली हवा प्रसरण पावत रुंद कप्प्याकडे धाव घेते आणि जाताजाता पट्ट्यांना ढकलून गोल फिरविते.

या रचनेचे गुण मोठे आहेत. अंगी असलेल्या शक्तीच्या मानाने हे हत्यार हलके असते. त्यावर भार जास्त पडला तर ते थांबते, विजेच्या मोटारीसारखे जळत नाही. ओल्या जागी त्यापासून विजेचा धक्का बसण्याचे भय नाही. म्हणूनच खाणी, बोगदे, जहाजांचे कारखाने आणि फौंड्र्या यांनी ते आपलेसे केले. आपल्या उद्यमबागेतील फौंड्रीत पाऊल टाकले तर साच्यात वाळू ठोकणारा रॅमर, वाळूचे कोअर भरणारे यंत्र, ओतीव मालाच्या कडा छाटणारा हातोडा, घासून गुळगुळीत करणारा ग्राइंडर आणि माल उचलणारी हवेची कप्पी, अशी हवेचीच माणसे जागोजाग राबताना दिसतील. हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग बनविणारी जी वसाहत २००९ पासून उभी आहे, तसल्या नाजूक धंद्यातही भोके पाडणे व रिवेट ठोकणे यांसाठी हवेच्या हत्यारांस मान असतो. निपाणीकडून बेळगावकडे येताना महामार्गावर ट्रकचे चाक खोलणाऱ्या पोराच्या हातातील खडखडणारे यंत्रही याच कुळातले.

एकाच वर्षातील दोन डोंगर

या हत्यारांनी मनुष्याचे किती कष्ट वाचविले हे समजण्यास दीडशे वर्षांपूर्वीचे दोन डोंगर शेजारी ठेवून पाहावेत. मुंबई-पुणे रेल्वेसाठी भोर घाट फोडण्याचे काम १८५६ ते १८६३ या काळात चालले. पंचवीस बोगदे खणावयाचे होते, आणि साधने कोणती? पहार, घण, हाताने ठोकलेले सुरुंगाचे भोक आणि बंदुकीची दारू. १८६१ साली त्या घाटात ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकी, ज्वर आणि अपघात यांनी त्यांतील हजारो कामी आले. आज आपण खिडकीतून पावसाळी धबधबे पाहत ज्या घाटातून जातो, त्याचा पाया असा घातला गेला आहे.

त्याच १८६१ साली आल्प्स पर्वतात, फ्रान्स व इटली यांस जोडणाऱ्या माँ सेनीच्या बोगद्यात, जर्मेन सोमेये या अभियंत्याने हवेवर चालणारी छिद्रयंत्रे कामास लावली. पाण्याच्या शक्तीने हवा दाबून ती नळांतून डोंगराच्या पोटात नेली जाई. या योजनेत दुहेरी लाभ होता: यंत्र खडकास भोके पाडी आणि त्यातून सुटलेली हवा आतल्या कामगारांना श्वासास मिळे. सुमारे १२.८ किलोमीटर लांबीचा तो बोगदा हाताने खणावयाचा तर पंचवीस वर्षे लागतील असा अंदाज होता. १८५७ मध्ये आरंभलेले काम १८७१ मध्ये संपून रेल्वे सुरू झाली.

आपल्या भागाचाही या कथेशी जवळचा संबंध आहे. गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान घातले; खडेबाजारापासून हाकेच्या अंतरावरचा किर्लोस्कर रस्ता त्यांची आठवण अजून राखून आहे. पुढे लोखंडी नांगराचा धंदा वाढवीत १९१० मध्ये ते औंध संस्थानात किर्लोस्करवाडीस गेले. त्याच घराण्याने १९५८ मध्ये पुण्यास हवा दाबणारी यंत्रे व हवेची हत्यारे बनविण्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली. दुकानदार कारखानदार झाल्याचे हे उदाहरण आपल्याच गल्लीतले आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबातील वालचंद हिराचंद यांचीही हीच वाट. बार्शी लाइट रेल्वेच्या ठेक्यापासून आरंभ करून त्यांनी १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजांच्या कारखान्याचा पाया घातला. ज्या मालाशी आपला संबंध येतो त्याची घडण समजून घेण्याची या दोघांसही मनापासून आवड होती. तो गुण आपल्या पेढ्यांवर आज किती उरला आहे, हे ज्याने त्याने आपल्याशी तपासावे.

फुकट वाटणारी महाग वस्तू

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हवा फुकट असते. दाबलेली हवा कारखान्यातील सर्वांत महाग शक्तींपैकी एक असते. कारण उघड आहे. हवा दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक ऊन होते, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. काँप्रेसरमध्ये घातलेल्या विजेचा बहुतेक भाग असाच उष्णतेत जातो. शंभर युनिट वीज खर्चावी तेव्हा हत्याराच्या टोकाशी दहापंधरा युनिटांइतके काम पदरी पडते. इतकी घट सोसूनही हे हत्यार वापरणे परवडते, कारण त्याचे गुण तसे आहेत. मात्र ज्या मालात आरंभीच इतकी घट आहे, त्यात पुढे गळतीची भर पडली तर धंदा कसा तगावा?

आकडे मांडून पाहू. सात किलोच्या दाबाला नळात ३ मिलिमीटरचे एक भोक असले तर त्यातून मिनिटाला सुमारे २० ते २५ घनफूट हवा निसटते. ओतीव मालाच्या कडा छाटणाऱ्या एका हातोड्यास जवळजवळ तेवढीच हवा लागते. म्हणजे भिंतीमागे एक अदृश्य कामगार दिवसभर हातोडा धरून बसला आहे, काम मात्र काडीचे करीत नाही! ही हवा दाबण्यास सुमारे साडेतीन किलोवॅट शक्ती खर्ची पडते. दिवसाचे आठ तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ८,४०० युनिटे झाली. युनिटास आठ रुपये दर धरून चाललो तर ६७,२०० रुपये. भोक एक, ते बुजविण्यास लागणारी क्लिप वा वॉशर काही रुपयांची.

आपणाकडे असे भोक नाही, असे प्रत्येक कारखानदारास वाटते. ते पारखण्याची एक सोपी रीत आहे आणि ती आपण प्रत्येक ग्राहकास शिकवावी. कारखाना बंद असताना सर्व हत्यारे थांबवून काँप्रेसर चालू करावा. दाब पूर्ण भरला की तो आपोआप हलका होतो. गळतीमुळे दाब उतरला की पुन्हा भार घेतो. घड्याळ हाती घेऊन भार घेतल्याची मिनिटे व हलके राहिल्याची मिनिटे अशी चारपाच वेळा टिपावीत. भार घेतल्याची मिनिटे दोन आणि हलके राहिल्याची आठ असतील, तर दहापैकी दोन, म्हणजे शंभरास वीस इतकी गळती आहे. नीट राखलेल्या कारखान्यात ती शंभरास दहाच्या आत असावी. हयगय असेल तेथे वीस ते तीसपर्यंत सहज जाते. वीस अश्वशक्तीचा, म्हणजे पंधरा किलोवॅटचा काँप्रेसर आठ तास पूर्ण भाराने चालविला तर वर्षास ३६,००० युनिटे होतात. त्यातली पाचवा हिस्सा गळती म्हणजे ७,२०० युनिटे. आठ रुपयांच्याच दराने ५७,६०० रुपये वाऱ्यावर गेले, आणि येथे ही म्हण अक्षरशः खरी आहे.

गळती सोडूनही खर्चाची दुसरी दारे आहेत. हत्यार मंद पडले की दाब वाढविण्याची आपल्याकडे खोड आहे. दाब एक किलोने वाढविला की वीज शंभरास सहासात टक्के जास्त लागते, आणि दाब वाढताच भोकेही अधिक जोमाने गळू लागतात. हत्यार मंद पडण्याचे खरे कारण पुष्कळदा अरुंद किंवा नको तितकी लांब नळी हे असते. काँप्रेसर भट्टीशेजारच्या कोंदट खोलीत ठेवला तर तो ऊन हवा ओढतो. आत येणारी हवा चार अंशांनी ऊन असली की वीज सुमारे एक टक्का अधिक जाते. शिवाय आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथील हवा मुंबईच्या हवेहून शंभरास आठ भागांनी विरळ आहे, म्हणून यंत्राच्या तक्त्यात छापलेला आकडा येथे जसाच्या तसा हाती लागत नाही. त्यातच आपला पावसाळा. ओल्या हवेतले पाणी टाकीत साठते, नळांतून हत्यारात जाते आणि त्याचे तेल धुऊन काढते. टाकीचा खालचा कॉक रोज सोडून पाणी काढणे आणि हत्याराच्या अलीकडे हवा गाळणारे, दाब राखणारे व तेल देणारे असे तिहेरी साधन बसविणे, एवढ्याने हत्याराचे आयुष्य कितीतरी वाढते. यांतील प्रत्येक गोष्ट कारखानदारास गल्ल्यावर बसून सांगता येण्याजोगी आहे.

एक जुनी चूक

प्रस्तुत लेखकास हे शहाणपण पुस्तकातून आलेले नाही, एका चुकीतून आले आहे. काही वर्षांपूर्वी एक फौंड्रीमालक पेढीवर आले. म्हणाले, "शेठजी, हवा पुरेना झालीय. दुपारनंतर हातोडे रडायला लागतात. वीसचा काँप्रेसर आहे, तीसचा बघून द्या." मी दर काढला, उधारीची मुदत ठरविली, माल पोचता केला. त्या विक्रीत मला समाधान वाटले, हे येथे कबूल केले पाहिजे. हवा का पुरत नाही, हे मी विचारले नाही. विचारण्याची मला गरजही वाटली नाही.

सहा महिन्यांनी वसुलीसाठी त्यांच्या कारखान्यात प्रथमच गेलो. आठवड्याच्या सुटीचा दिवस होता. भट्टीच्या काही डागडुजीसाठी काँप्रेसर तेवढा चालू ठेवला होता. एरवीच्या गोंगाटात जे कानी पडत नाही ते त्या शांततेत स्पष्ट ऐकू आले. छपराखालून, भिंतीमागून, बाकाखालून, चहूकडून सूं-सूं आवाज येत होता. एक वयस्क फिटर साबणाच्या फेसाचे भांडे व कुंचला घेऊन नळाच्या सांध्यांवर फेस लावीत होता. जागोजाग बुडबुडे उठत होते. मला पाहून तो हसला व म्हणाला, "शेठजी, हातोडे कुठली हवा खाताहेत? भोकंच खाताहेत की सगळी! तीसचा आणला, आता भोकांनाही पोटभर मिळतंय."

त्या वाक्याने मी वरमलो. पुढच्या महिन्यात त्यांनी सांधे बदलले, जुन्या नळ्या काढून टाकल्या, दोन ठिकाणी नळ रुंद केला. खर्च काँप्रेसरच्या किमतीच्या मानाने नगण्य होता आणि जुन्या वीसवरच काम भागू लागले. मोठा काँप्रेसर विकून टाकण्यास मी त्यांना मदत केली व त्या विक्रीत माझा जो नफा झाला होता तो त्यांच्या खात्यावर जमा धरला. सहा महिन्यांचे जादा वीजबिल मात्र मी परत करू शकलो नाही. मी खोटे बोललो नव्हतो, माल हलका दिला नव्हता, भाव वाजवी लावला होता. तरीही तो व्यवहार चोख नव्हता, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. गिऱ्हाईक मागेल ते देणे म्हणजे व्यापार, ही व्याख्या अपुरी आहे. गिऱ्हाइकाला काय लागते हे त्याच्यापेक्षा आपणांस अधिक कळत असेल, तर मौन हाही मापातलाच एक दोष आहे.

वहीची दुसरी बाजू

आतापर्यंत विजेचा हिशेब झाला. या हत्यारांचा दुसरा एक हिशेब आहे; तो पैशांत मांडता येत नाही म्हणून बहुधा मांडलाच जात नाही. हवेच्या हातोड्याचा धक्का छिन्नीस बसतो तसाच तो धरणाऱ्या हातासही बसतो. अमेरिकेतील डॉक्टर अॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये इंडियाना संस्थानातील बेडफर्ड येथील चुनखडी दगड घडविणाऱ्या कारागिरांची पाहणी केली. हवेचे हातोडे वापरणाऱ्या त्या कारागिरांची बोटे थंडीच्या सकाळी पांढरीफटक व बधिर पडत असत. रक्ताच्या सूक्ष्म वाहिन्यांवर सततच्या कंपनाचा हा परिणाम होता. पौषातल्या बेळगावच्या थंडीत हातोडा धरणाऱ्या आपल्या कामगाराची बोटे कोणी पाहिली आहेत का?

कानाचेही तेच. फेटलिंगच्या जागी आवाज शंभर डेसिबलपर्यंत व त्याहून वर जातो. आठ तासांच्या पाळीस नव्वद डेसिबल ही मर्यादा आपल्याकडे मानली गेली आहे. कान एका दिवसात जात नाहीत. वर्षावर्षाने जातात, आणि घरी नातवंडांनी हाक मारली की मग कळते. सर्वांत घातक मात्र धूळ. साच्याची वाळू म्हणजे सिलिका. ती ओतीव मालास चिकटून राहते, आणि हातोडा व ग्राइंडर तिचा डोळ्यांस न दिसणारा भुगा हवेत उडवितात. तो फुप्फुसात बसला की सिलिकोसिस होतो आणि झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने हा रोग सरकारास कळविण्याजोग्या रोगांच्या यादीत घातला होता, तो उगाच नव्हे. खाणींतील पहिल्या कोरड्या छिद्रयंत्रांना पाश्चात्त्य खाणकामगारांनी "विधवा करणारे यंत्र" असे नाव ठेवले होते. पोकळ दांड्यातून पाणी सोडून धूळ जागच्या जागी बसविण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली, तेव्हा कोठे त्यांना थोडा दिलासा मिळाला.

पाळी संपली की कामगार त्याच हवेच्या नळीने अंगावरची धूळ उडवून घरी निघतो, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यात बसलेली वाळू पुन्हा उडून नाकात जाते. आणि थट्टेने दुसऱ्याच्या अंगावर नळी रोखण्याचा खेळ तर कित्येकांच्या प्राणांवर बेतला आहे; दाबलेली हवा शरीरात शिरली तर आतडी फाटतात. हे सांगण्यास डॉक्टर कशाला हवा? नळी विकणाऱ्यानेच ती देताना दोन वाक्ये बोलावीत.

आपणांकडून काय व्हावे

कोणी म्हणेल, आता बॅटरीवर चालणारी हत्यारे निघाली आहेत. हवेचे युग सरत आले. या म्हणण्यात तथ्य आहे. नट आवळणे, भोक पाडणे यांसारखी बरीच कामे विजेच्या हत्याराने कमी खर्चात होतात, आणि जेथे तसे होईल तेथे ग्राहकास तेच घेण्याचा सल्ला द्यावा. पण जेथे ओल आहे, ठिणगीचे भय आहे, भट्टीची धग आहे, किंवा हत्यार पाळीभर न थांबता राबवावयाचे आहे, तेथे हवेस अजून तोड नाही. कोणते काम हवेचे व कोणते विजेचे, हे निवडून सांगणे हीच तर जाणत्या दुकानदाराची ओळख.

दुसरा आक्षेप अधिक मोकळेपणाने पुढे येईल: आपण सल्ला दिला आणि गिऱ्हाइकाने मोठ्या यंत्राऐवजी चार क्लिपा नेल्या, तर पेढी चालावी कशी? माझे उत्तर अनुभवाचे आहे. ज्या फौंड्रीमालकाची गोष्ट वर सांगितली त्यांनी पुढे आपल्या दोन सोबत्यांना माझ्याकडे पाठविले आणि पाठविताना सांगितले, "हा माणूस नको ते विकत नाही." हे वाक्य मला त्या काँप्रेसरच्या नफ्याहून मोलाचे वाटते. कारखाना विजेच्या बिलाखाली दबून बंद पडला तर त्याच्याबरोबर आपले खातेही बुडते. तो तगला तर आपणही तगतो.

म्हणून व्यापारी बंधूंना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली: काँप्रेसर मागणाऱ्या प्रत्येकास गळतीची परीक्षा केली का, हे विचारल्यावाचून दर सांगू नये, शक्य असल्यास आपल्या पेढीतील एखाद्या तरुणास ती परीक्षा शिकवून ग्राहकाकडे पाठवावे. दुसरी: कानातील बोळे, धुळीचा चांगला मुखवटा, कंपन शोषणारे हातमोजे ही सामग्री कपाटाच्या तळाशी न ठेवता हातोड्याच्या शेजारी मांडावी आणि हातोड्याबरोबर तिचाही भाव सांगावा. मात्र मुखवटा दिला म्हणजे झाले असे मानू नये. धूळ उगमापाशीच ओढून घेणारा पंखा व ओली वाळू हे खरे उपाय आहेत, हेही सांगावे. तिसरी: आपल्या घरातील जी मुलेमुली अभियांत्रिकी शिकत आहेत, त्यांनी सुटीत चार दिवस उद्यमबागेत घालवावेत व बाजारातून गेलेल्या मालाचे पुढे काय होते ते डोळ्यांनी पाहावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या शहरातील मुलांना हे सांगावे लागावे हे खरे तर आश्चर्यच आहे.

येत्या दिवाळीत वहीपूजन होईल. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे बोट उमटेल, लाभाची अक्षरे लिहिली जातील. ज्यांचा कारखान्यांशी व्यवहार आहे त्यांनी त्या वहीत एक नवे खाते उघडावे, एवढीच विनंती. त्याच्या एका बाजूस आपण किती यंत्रे विकली ते लिहावे, आणि दुसऱ्या बाजूस किती ग्राहकांना नको असलेले यंत्र घेण्यापासून परावृत्त केले, किती कामगारांच्या हाती हातोड्याबरोबर मुखवटा गेला, ते लिहावे. वर्षाअखेरीस दोन्ही बाजू जुळवून पाहाव्यात. वाऱ्यावर गेलेले परत येत नाही, असे आपले वडीलधारे म्हणत आले आहेत. जे अजून टाकीत आहे ते राखणे तरी आपल्या हाती आहे.